मार्गदर्शकाची शोकसभा

१. नाव

इथे मास्तरांनी निळ्या शाईने, एका चौकटीत एक अक्षर अशा बेताने, आपलं पूर्ण नाव लिहिलं. चूक झाली ती इथेच. पुढची सगळी गोष्ट म्हणजे या एका रकान्याचा खुलासा आहे, आणि खुलासा चुकीपेक्षा लांब असतो हे कुठल्याही कचेरीत जाऊन आलेल्या माणसाला सांगायला नको.

मास्तर शाळेतले नव्हेत. ते गाडी चालवायला शिकवत. बावीस वर्षं ते शिकाऊ माणसाच्या शेजारच्या सीटवर बसत आले होते आणि त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता. चालवणाऱ्याच्या हातून काही वेडंवाकडं व्हायच्या आत दाबायला तो दिलेला असतो. अशी नोकरी हळूहळू पायात उतरते. दूध वर यायला लागलं की मास्तरांचा उजवा पाय फरशीत रुते. बातम्या देणारी बाई एखाद्या शब्दाला अडखळली की पाय. जिन्यावरून कोणाचं पोर धावत उतरलं की पाय. बायकोने एकदा जेवताना मोजलं तर चौदा वेळा झालं. बायको दातांच्या दवाखान्यात स्वागतकक्षात बसते. तिथे लोक याहून वाईट पाय आपटतात, म्हणून ती याला आजार मानत नाही.

शिवाय शिकाऊ परवान्याचे अर्ज मास्तरच भरून देत, दिवसाला पाच-सहा. त्या अर्जात पहिला रकाना 'नाव', दुसरा 'वय', तिसरा 'व्यवसाय', चौथा 'पत्ता', आणि हे सगळं अर्ज करणाऱ्याचं. बावीस वर्षांत पहिल्या रकान्यात दुसऱ्या कोणाचं नाव असू शकतं, असा विचारही त्यांना शिवला नव्हता. आता पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

२. वय

मास्तरांनी लिहिलं: एक्कावन्न. बरोबर आहे.

मुलीचं सोळा. ते कुठल्याच रकान्यात विचारलेलं नव्हतं, पण गोष्ट त्याच आकड्यावर उभी आहे. नऊ महिन्यांपूर्वी पुढच्या वर्षाचे विषय निवडायचा अर्ज शाळेतून घरी आला, आणि मुलगी आंघोळीला गेलेली असताना मास्तरांनी तो भरून टाकला. चांगल्या हेतूने, सुवाच्य अक्षरात. तिला इतिहास हवा होता. मास्तरांनी संख्याशास्त्र लिहिलं, कारण इतिहासाचं जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं असं त्यांचं मत होतं.

तिने आदळआपट केली नाही. फक्त त्या दिवसापासून वडिलांना काही विचारणं बंद केलं. बोलणं चालू होतं. 'येते.' 'जेवले.' 'काही नाही.' सगळी विधानं. शेवटी प्रश्नचिन्ह असलेलं एकही वाक्य नऊ महिन्यांत मास्तरांच्या दिशेने आलं नव्हतं. भिंतीवरचं घड्याळ बंद पडलं तेव्हा मास्तर मनगटावर घड्याळ घालून समोरच बसले होते. तिने आईला दवाखान्यात फोन करून वेळ विचारली.

माणसं निकालाची वाट बघतात, बढतीची बघतात. मास्तर एका प्रश्नाची वाट बघत होते. कुठलाही चालला असता.

अशात वसाहतीच्या किशोर गटाला एक प्रौढ मार्गदर्शक असलाच पाहिजे, असा नियम निघाला. गटात सात मुलं, गटप्रमुख मास्तरांची मुलगी. बाकीच्या सहांच्या पालकांना रविवारी कामं असत. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "गटाला एक मोठा माणूस लागतो. कागदावर. तुम्ही चालाल असं बाकीच्यांचं म्हणणं पडलं. विचारल्याशिवाय बोलायचं नाही."

चार विधानं. मास्तर आनंदाने "हो" म्हणाले आणि फरशीवर पाय दाबला.

३. व्यवसाय

वाहनचालन प्रशिक्षक. हेही बरोबरच.

गटाच्या सभा जिन्याखालच्या खोलीत होत. मास्तर दाराजवळ स्टुलावर बसत. सचिव म्हणून चौदा वर्षांची एक मुलगी होती. ती दोन पेनं घेऊन येई आणि समोर जे घडेल ते लिहून काढी. पुढे ती न्यायाधीश तरी होईल नाहीतर शेजारीण तरी. आणखी एक मुलगा होता, उंचीवरून सगळे त्याला पाऊण म्हणत. वडिलांची बदली झाल्यामुळे पाऊण महिनाअखेरीला वसाहत सोडून जाणार होता, म्हणून त्याआधीच्या रविवारी एक कार्यक्रम करायचा ठरलं. कल्पना पाऊणचीच. ती सचिवांच्या वहीतून जशीच्या तशी:

*सभा दुसरी. हजर सात. कार्यक्रमाचे नाव: 'जमलं नाही'. स्वरूप: गोल बसायचे. ज्याला वाटेल त्याने उठून स्वतःला न जमलेली एक गोष्ट सांगायची. तीन मिनिटे. टाळ्या नाहीत. उपदेश नाही. 'पण नंतर सगळं चांगलं झालं' असे म्हणायला मनाई. मार्गदर्शकांनी तीन वेळा घसा खाकरला. पाणी दिले.*

त्या पाण्याबरोबर मास्तरांनी जे गिळलं त्याची यादी मोठी होती. प्रमुख पाहुणे नाहीत. बक्षीस नाही. प्रास्ताविक नाही. गोल बसलं की शेजारच्यांना वक्त्याचा नुसता कान दिसतो, हेही कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. मास्तर जिभेवर दात ठेवून घरी आले, तर समोरच्या दाराचे निवृत्त विमा एजंट, म्हणजे विमाकाका, वाटच बघत होते.

"मास्तर, पोरं आपल्या फजित्या चारचौघांत सांगणार म्हणे. आणि तुम्ही शेजारी बसून ऐकणार?"

"मी मार्गदर्शक आहे."

"मग करा ना मार्गदर्शन! हल्ली सगळं कुठेतरी नोंदलं जातं हो. उद्या नोकरी देणारा विचारेल, तुम्हाला अमुक जमलं नव्हतं ना?"

"मला बोलायची परवानगी नाही."

"कोणाची?"

मास्तरांनी कुलपात किल्ली घातली. वरच्या मजल्यावरच्या बाई वरूनच म्हणाल्या, "त्यापेक्षा चित्रकला स्पर्धा ठेवा. चित्रात कोण काही सांगत नाही." मास्तरांची बायको आतून म्हणाली, "मी काही बोलत नाही. पण पोरांना करू दे की."

४. पत्ता

वसाहतीत कार्यक्रम करायचा तर एकच जागा: वाचनालयाच्या मागचं सभागृह. मुलगी स्वतः जाऊन विचारून आली. दोन महिने थांबावं लागेल. दोन महिन्यांनी पाऊण नसणार. पुढच्या सभेत हा प्रश्न चार मिनिटांत सुटला: सायकली ठेवायच्या जागेत करायचं, सायकली बाजूला घ्यायच्या, खुर्च्या घरून आणायच्या, ऊन आलं तर छत्र्या. वहीत पुढे आहे: *मार्गदर्शकांचा पाय वाजला. दुर्लक्ष केले.*

मास्तरांना रात्रभर सायकली दिसल्या. आपली मुलगी हँडलांच्या गर्दीत उभी आहे, मागे पंक्चर काढायचं घमेलं आहे, आणि ती लोकांना आपलं अपयश सांगते आहे. मुलं आहेत, त्यांना कसं सुचणार? आणि एक बारीकशी गोष्ट मास्तरांच्या मनात आली, जी त्यांना स्वतःला फार सचोटीची वाटली. बोलायचं नाही, असं ठरलं होतं. लिहिण्याबद्दल काहीच ठरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दोन शिकवण्यांच्या मधल्या अर्ध्या तासात ते सभागृहाच्या कार्यालयात गेले. तिथला कारकून मान वर करत नसे. समोरच्या माणसाचं पोट बघून तो उत्तरं देई.

"प्रकार?"

"मुलांचा कार्यक्रम आहे. म्हणजे त्याचं असं आहे—"

"शैक्षणिक, क्रीडा, वैद्यकीय, शोकसभा. यातला कुठला?"

"यातला तसा कुठलाच नाही."

"मग होत नाही. गाणंबजावणं?"

"नाही."

"खाणंपिणं?"

"नाही."

"टाळ्या?"

"टाळ्यांना तर मनाईच आहे."

"मग लोक करणार काय?"

"गोल बसतील. एकेक जण उठून मनाला लागलेलं काही सांगेल. बाकीचे गप्प ऐकतील. मग घरी जातील."

कारकुनाने पेन खाली ठेवलं. "अहो, मग सरळ शोकसभा म्हणा ना! कशाला आडवळणं घेताय? शोकसभेला दोन महिन्यांची अट नाही. रविवार पाच ते सात रिकामं आहे. हा घ्या अर्ज."

यात खोट काढून दाखवा. मास्तरांना सापडली नाही. राखाडी कागद होता, ओळखीचे रकाने होते, हात आपोआप चालला. नाव, वय, व्यवसाय, पत्ता.

५. अर्जदाराचे नाव व नाते

इथे मास्तर थबकले. आधीच्या रकान्यांत आपली माहिती दिली, ती मार्गदर्शक म्हणून. पण कार्यक्रम कोणाचा? मुलांचा. श्रेय ज्याचं त्याला मिळालं पाहिजे. त्यांनी मोठ्या मनाने मुलीचं नाव लिहिलं, पुढे 'मुलगी' असं नातं लिहिलं, खाली स्वतःची सही ठोकली आणि शीळ घालत बाहेर पडले. मुलीला शनिवारी संध्याकाळी सांगायचं, जेवण झाल्यावर, सहज, असं त्यांनी ठरवलं होतं.

शनिवारी सकाळी सात वाजता वसाहतीतल्या प्रत्येक फोनवर निरोप गेला:

*कळविण्यास अत्यंत दुःख होते की, आपल्या वसाहतीतील वाहनचालन प्रशिक्षक (वय ५१) यांची शोकसभा रविवारी सायंकाळी पाच वाजता सभागृहात आयोजित केली आहे. निमंत्रक: त्यांची मुलगी. — सभागृह कार्यालय*

त्याखाली मास्तरांचं पूर्ण नाव आणि पत्ता.

मास्तर साडेसहालाच घराबाहेर पडले होते. कामावर असताना ते फोन गाडीच्या खणात ठेवत, तोही आवाज बंद करून, कारण फोन वाजला की शिकाऊ माणूस स्टिअरिंग सोडून खिसे चाचपतो. आठची शिकाऊ बाई ठरल्या कोपऱ्यावर आली नाही. नऊचा शिंपी आला नाही. पुढचंही कोणी आलं नाही. बारापर्यंत मास्तर गाडीत एकटे बसून राहिले आणि मग प्रशिक्षण केंद्रात परत गेले. मालक फळ्यावर त्यांच्या नावापुढे आडवी रेघ मारत होते.

"मास्तर!" मालक म्हणाले. खडू पडला. "तुम्ही... गाडी घेऊन आलात?"

"मग काय सोडून येणार?"

मालकांनी फोन दाखवला. मास्तरांनी आपल्या मरणाची बातमी दोनदा वाचली, दुसऱ्यांदा शुद्धलेखनासाठी.

"आता पंचाईत झाली हो," मालक कपाळ पुसत म्हणाले. "तुमची गाडी सोमवारपासून त्या नव्या मुलाला दिली. त्याने घरी पेढे... म्हणजे घरी सांगितलंसुद्धा. आता परत घ्यायचं बरं दिसत नाही. तुम्ही काही दिवस वर्गात शिकवा. खुणांचे फलक वगैरे."

जिवंत माणसाची नोकरी मेल्यामुळे बदलते, याबद्दल तक्रार कोणत्या रकान्यात करायची हे मास्तरांना माहीत नव्हतं. ते तसेच सभागृहाच्या कार्यालयात गेले. वाटेत विमाकाका भेटले. विमाकाकांनी त्यांना खालून वर पाहिलं.

"मला शंका आलीच होती. काल संध्याकाळी तर कठड्याला टेकून उभे होतात. म्हटलं विचारावं, पण अशा वेळी विचारायचं कोणाला? तुमच्या घरचं काही असलं की तुम्हालाच विचारायची सवय."

"काका, कृपा करून सगळ्यांना सांगा, मी आहे."

"सांगतो की. पण लोकांनी उद्याची संध्याकाळ मोकळी ठेवली आहे, मास्तर. मी स्वतः भाषण लिहिलंय. दोन पानं."

कार्यालयात कारकून म्हणाला, "रद्द करायला अर्जदार लागतो. तुम्ही अर्जदार नाही."

"मग मी कोण आहे?"

कारकुनाने अर्ज काढला आणि पहिल्या रकान्यावर बोट ठेवलं. "तुम्ही हे." मग आयुष्यात पहिल्यांदाच त्याने मान वर केली आणि मास्तरांचा चेहरा पाहिला. "अरेच्चा," तो म्हणाला.

"दुरुस्त करा ना ते!"

"पहिल्या रकान्यात दुरुस्ती करायची तर हयातीचा दाखला लागतो. ती खिडकी शनिवारी साडेबाराला बंद." भिंतीवर बारा चाळीस झाले होते. "आणि दुरुस्ती केली, की ती शोकसभा राहत नाही. म्हणजे सभागृह जातं. बघा, कसं करताय."

मास्तर घरी आले. बायको अर्ध्या दिवसाची रजा मिळाल्यामुळे घरी होती; डॉक्टरांनी खांद्यावर हात ठेवून रजा दिली होती. "मी काही बोलत नाही," ती म्हणाली आणि आतल्या खोलीकडे बोट केलं.

मुलगी खिडकीशी बसली होती. पायात अजून बूट होते.

"पाचव्या रकान्यात माझं नाव आहे," ती म्हणाली. "खाली सही तुमची."

"अगं, श्रेय तुमचं म्हणून मुद्दाम—"

"आम्ही सायकलींची जागा ठरवली होती."

"तिथे पाच वाजता पश्चिमेचं ऊन येतं."

"छत्र्या ठरल्या होत्या. तुम्ही त्या सभेला हजर होतात."

मास्तरांनी विचारू नये तेच विचारलं. "मी मेल्याचं वाचून तुला काही वाटलंसुद्धा नाही?"

तिने एका बुटाची नाडी सोडली. "वाटलं," ती म्हणाली. "तुम्ही फोन उचलत नव्हता. मी सभागृहापर्यंत धावत गेले. तेवढा वेळ वाटलं. मग त्यांनी अर्ज दाखवला आणि मी अक्षर ओळखलं."

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले. घरातून सभागृह चार मिनिटांवर आहे. धावत गेलं तर तीन. त्या तीन मिनिटांत त्यांचा जादा ब्रेक कुठे होता, असं त्यांना कोणी विचारलं नाही, पण त्यांना ते ऐकू आलं.

"मग आता?" ते म्हणाले. "रद्द करायचं का? तू सांगशील तसं."

मुलीने त्यांच्याकडे वळून पाहिलं. बहुधा वाक्याच्या शेवटी खरंच प्रश्नचिन्ह आहे का, ते बघत असावी.

"सभा घेते," ती म्हणाली.

६. कार्यालयीन उपयोगासाठी. येथे काही लिहू नये.

*तातडीची सभा. शनिवार, दुपारी तीन. हजर सात. मार्गदर्शक दाराबाहेर.*

*मुद्दा एक: सगळ्यांना लगेच खुलासा पाठवावा. पाऊण यांचे म्हणणे: आपल्या कार्यक्रमाला नाहीतरी कोण येणार होते? आपल्या आया. आता सगळी वसाहत येते आहे.*

*मुद्दा दोन: ही फसवणूक आहे. गटप्रमुखांचे मत: फसवणूक आहेच. पहिल्याच वाक्यात खरे सांगायचे. शिव्या बसतील, त्या आपण खायच्या. मग जो बसेल तो बसेल.*

*मुद्दा तीन: तोपर्यंत मार्गदर्शकांनी मृत राहावे. विमाकाकांनाही कोणाला सांगू नये असे कळवावे. चार विरुद्ध दोन मतांनी मंजूर. गटप्रमुख तटस्थ.*

*मुद्दा चार: मार्गदर्शकांनी कार्यक्रमाला यावे. विचारल्यास बोलावे. एकमताने मंजूर.*

*दाराबाहेरून सूचना आली की खुर्च्या रांगेत लावाव्यात. नोंद घेतली नाही.*

७. उपस्थिती

त्रेचाळीस. आपण गेल्यावर किती लोक येतील याचा प्रत्येक माणूस कधी ना कधी हिशोब करतो. मास्तरांचा अंदाज साठचा होता.

सभागृह म्हणजे एक लांब, हिरवट खोली. खिडक्या रंगाने चिकटलेल्या, एक दिवा फडफडत असलेला. माणसं गंभीर चेहरे करून आली आणि गोल मांडलेल्या खुर्च्या बघून घोटाळली, कारण दुःख कुठे तोंड करून व्यक्त करायचं ते कळेना. शेवटी बसली. मास्तर सगळ्यांच्या मागून आले आणि खांबाआडच्या खुर्चीत टेकले.

मुलगी उभी राहिली. हातातला कागद तिने घडी करून खिशात टाकला.

"माझे वडील जिवंत आहेत," ती म्हणाली. "ते त्या खांबामागे बसलेत."

त्रेचाळीस माना वळल्या. मास्तरांनी का कोण जाणे, वर्गात हजेरी देतात तसा हात वर केला.

"म्हणजे गेलेच नाहीत?" कोणीतरी म्हणालं. आवाजात फसवणूक झाल्याची खंत होती.

"अर्ज भरण्यात चूक झाली. तुम्हाला त्रास झाला, त्याबद्दल आम्ही माफी मागतो. आमचा कार्यक्रम दुसराच आहे." तिने तो सांगितला. आवाज दोनदा कापला. मास्तरांना पुढे होऊन पुढचं सांगून टाकावंसं वाटलं. पाय फरशीवर दाबून त्यांनी स्वतःला खुर्चीत ठेवलं. बावीस वर्षांत पहिल्यांदा तो पाय योग्य माणसावर पडला.

वीसेक लोक उठून गेले. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी आणलेला गुच्छ परत नेला. "घरी फुलदाणी रिकामीच आहे," त्या म्हणाल्या. जाताना एक गृहस्थ मुलीला म्हणाले, "तुझ्या वयाला हे शोभत नाही." ती म्हणाली, "हो काका." बाकीचे राहिले. काही उत्सुकतेने, काही घरी जाऊन तरी काय करायचं म्हणून.

पाऊण बोलला. ही त्याची पाचवी बदली. प्रत्येक ठिकाणी तो निघायच्या आधी वचन देतो की फोन करीन, आणि चारही ठिकाणच्या कोणालाच त्याने कधी फोन केला नाही. "तुम्हालाही करणार नाही बहुतेक," तो म्हणाला आणि बसला. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत.

मग शिंपी उठला, शनिवारी नऊला न आलेला. "मी मास्तरांसाठी लिहून आणलं होतं," तो म्हणाला. "मास्तर आहेत, हे फार चांगलं झालं. पण लिहिलेलं इथेही चालेल असं वाटतं." त्याने चिठ्ठी उलगडली. "मी तिसऱ्यांदा शिकतोय. परवाना मिळून सहा वर्षं झाली. गाडी दाराशी उभी आहे, कापड घालून. मास्तरांनी मला कधी कशावर आदळू दिलं नाही. दर वेळी माझ्या आधी त्यांचा ब्रेक लागायचा. एकटा बसलो की मला कळत नाही, गाडी थांबली तर कोणी थांबवली. म्हणून मी काढतच नाही. मास्तर फार चांगले होते." तो गडबडला. "आहेत."

मास्तरांनी खांबाच्या रंगाचे पोपडे मोजले.

विमाकाका उठले, खिशातून दोन पानं काढली, चष्मा लावला, पानं परत ठेवली. "मी जन्मभर लोकांना सल्ले दिले," ते म्हणाले. "माझा मुलगा—" आणि पुढे त्यांना शब्द सापडेना. तीन मिनिटं ते तसेच उभे राहिले. सचिवांनी वेळ संपल्याची घंटी वाजवल्यावर ते बसले. सचिवांनी लिहिलं: *जमलं नाही.*

सर्वांत शेवटी मुलगी उभी राहिली. मास्तरांकडे तिने पाहिलं नाही.

"मला घरी काही विचारायला जमत नाही," ती म्हणाली. "विचारलं की ती गोष्ट माझी राहत नाही. ते लगेच घेतात. प्रेमानेच घेतात. मग ती चांगली होते, पण त्यांची होते. म्हणून मी विचारणं बंद केलं. मला वाटलं, त्याने मोकळं वाटेल. तसं काही झालं नाही. बऱ्याच गोष्टी मला येत नाहीत, आणि विचारायला कोणी नाही."

ती बसली. मुलांच्या शेजारी बसलेली आई या वेळी खरोखर काही बोलली नाही.

मास्तरांच्या खिशातही कागद होता. आदल्या संध्याकाळी चार वेळा खोडून लिहिलेला. विचारलं तर बोलायचं, असा ठराव होता, आणि आता त्यांनाच विचारणं बाकी होतं. त्यांनी खुर्ची किंचित पुढे ओढली. सचिवांनी गोलावरून नजर फिरवली, ती खांबापर्यंत आली, आणि तेवढ्यात दारात किल्ल्यांचा जुडगा वाजला.

"सात वाजले," कारकून म्हणाला. "सभागृह रिकामं करा."

"वेळ संपली," सचिव म्हणाल्या आणि वही मिटली.

८. सभेनंतरचा अहवाल (अर्जदाराने भरावा)

लोक पांगले. मुलं खुर्च्या एकात एक रचत होती. पाऊणचा हात सगळ्यांत वरच्या खुर्चीपर्यंत पोचत नव्हता, तरी कोणी मदत केली नाही, कारण त्याने मागितली नव्हती.

कारकुनाने एक नवा कागद टेबलावर सरकवला. मुलगी खुर्ची ओढून बसली. मास्तर तिच्यापासून चार पावलांवर उभे होते. तिने डावा हात कागदावर आडवा धरला, परीक्षेत शेजारच्याने बघू नये म्हणून मुलं धरतात तसा, आणि भरायला लागली. मास्तरांना फक्त पेनाचं टोक हलताना दिसत होतं. पेन काळं होतं. निळं हवं होतं. मास्तर गप्प राहिले. तिने एक रकाना सोडून खालचा भरायला घेतला, असं त्यांना वाटलं. मास्तर गप्प राहिले.

शेवटच्या रकान्यापाशी ती थांबली. पेनाचं टोपण चावलं. कागदावर छापलं होतं: 'मृत व्यक्तीविषयी विशेष शेरा'.

"बाबा," ती मान वर न करता म्हणाली, "'जिवंत'मधला जि पहिला की दुसरा?"

खोलीत खुर्च्यांचा खडखडाट चालू होता. मास्तरांना एकाच वेळी बरंच काही सांगता आलं असतं. त्या रकान्यात एवढंच लिहून भागणार नाही. आधी पहिला रकाना खोडून शेजारी सही करावी लागेल. खोडताना दोन आडव्या रेघा. आणि मुख्य म्हणजे, बाळ, एक सांगू का—

"पहिला," मास्तर म्हणाले.

तिने लिहिलं. डावा हात कागदावर तसाच आडवा होता.